खाण्याचे तास आखून वजन कमी करणे : नवशिक्यांसाठी इंटरमिटंट फास्टिंगची सुरुवात

इंटरमिटंट फास्टिंग म्हणजे दिवसातले खाण्याचे तास ठरवून घेणे आणि उरलेल्या तासांत पाणी, कोरा चहा किंवा कोरी कॉफी यांखेरीज काहीही न घेणे. १६ तास उपवास आणि ८ तासांत जेवण हा त्याचा सर्वांत परिचित प्रकार आहे. १४ तास उपवास व १० तास खाण्याचे, किंवा १२-१२ तासांची समान वाटणी, हे त्याहून सौम्य प्रकार आहेत. आठवड्यातले पाच दिवस नेहमीसारखे जेवून दोन दिवस सुमारे ५०० ते ६०० कॅलरींवर काढण्याची पद्धतही प्रचलित आहे. महाराष्ट्रात अनेकांना या विषयाची ओळख वेगळ्या वाटेने झाली. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोहोचवलेली, दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते. त्या पद्धतीचा भर किती वेळा खाल्ले यावर आहे. या लेखाचा भर किती तासांच्या आत खाल्ले यावर आहे. हा लेख प्रथमच असा प्रयत्न करू पाहणाऱ्या निरोगी प्रौढांसाठी आहे आणि त्यात रोज ठरावीक तासांतच खाण्याच्या प्रकाराचा विचार केला आहे, कारण नोकरी, डबा आणि घरचा स्वयंपाक सांभाळून तोच दीर्घकाळ निभावतो.

माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो. नवशिक्याने १६ या आकड्यामागे धावू नये. रात्रीचे जेवण दोन तास अलीकडे आणणे आणि त्यानंतर सकाळपर्यंत काहीही न खाणे, एवढी एकच गोष्ट बहुतेक घरांत मोठा फरक घडवते, आणि पुढची प्रत्येक पायरी त्याच पायावर उभी राहते.

वजन नेमके कशामुळे उतरते

आपण जेवतो तेव्हा रक्तातील साखर वाढते, इन्शुलिन स्रवते आणि जास्तीची साखर यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठवली जाते. जेवण थांबल्यावर काही तासांनी इन्शुलिनची पातळी उतरते, यकृतातील साठा हळूहळू वापरला जातो आणि शरीर चरबीतून अधिकाधिक ऊर्जा घेऊ लागते. हा बदल एखाद्या ठरावीक तासाला कळ दाबल्यासारखा होत नाही. आदल्या दिवशी किती व काय खाल्ले, किती चाललो, यांवर तो मागेपुढे होतो. शिवाय उपवासाच्या तासांत जळलेली चरबी नंतरच्या जेवणात जास्त खाऊन पुन्हा साठवता येते. म्हणून दिवसभरात एकंदर किती खाल्ले हा प्रश्न सुटत नाही. खाण्याचे तास कमी केल्याने बहुतेकांचे एकूण खाणे आपोआप घटते, आणि वजन उतरण्याचे मुख्य कारण तेच आहे.

प्रत्यक्ष संशोधन हेच सांगते. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ११६ जणांपैकी काहींना दुपारी १२ ते रात्री ८ या वेळेतच खाण्यास सांगितले होते, तर इतरांना दिवसातून तीन वेळा नियमित जेवण्यास. काय आणि किती खावे याबद्दल कोणतीही सूचना नव्हती. बारा आठवड्यांनंतर पहिल्या गटाचे वजन सरासरी सुमारे ०.९ किलो आणि दुसऱ्याचे सुमारे ०.७ किलो घटले. म्हणजे फरक जवळजवळ नव्हताच. चीनमधील ग्वांगझौ येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर चाललेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही गटांच्या कॅलरी सारख्याच मर्यादित ठेवल्या होत्या आणि एका गटाला सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्याच वेळेत खायचे होते. त्या गटाचे वजन सरासरी ८ किलोने आणि दुसऱ्याचे ६.३ किलोने उतरले, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. शिकागोतील २०२३ च्या वर्षभराच्या अभ्यासात मात्र, ज्यांनी कॅलरी न मोजता केवळ घड्याळ पाळले, त्यांचे वजन नेहमीप्रमाणे खाणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ४.६ किलोने कमी झाले आणि काटेकोरपणे कॅलरी मोजणाऱ्यांचे सुमारे ५.४ किलोने. या तिन्ही अभ्यासांतून मला जो अर्थ दिसतो तो असा की, घड्याळात स्वतंत्र जादू नाही, परंतु ज्यांना प्रत्येक घासाचा हिशेब ठेवणे जमत नाही त्यांच्यासाठी घड्याळ हा हिशेबाचा सोपा पर्याय ठरू शकतो.

‘ऑटोफॅजी’ हा शब्द या संदर्भात फार वापरला जातो. पेशी आपले जुने व बिघडलेले घटक मोडून पुन्हा वापरतात त्या प्रक्रियेचे ते नाव आहे, आणि तिच्या संशोधनासाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे मूळ काम यीस्टच्या पेशींवरचे होते. सोळा तास न खाल्ल्याने माणसाच्या शरीरात ही प्रक्रिया वाढून आजार बरे होतात, असे त्यावरून सांगणे योग्य नाही आणि त्या आशेवर कोणी उपचार थांबवू नयेत.

सुरुवात करण्याआधी कोणी थांबावे

हा भाग घाईने वाचून पुढे जाऊ नये, ही विनंती आहे. गर्भवती व स्तनपान देणाऱ्या स्त्रिया, १८ वर्षांखालील मुले-मुली, ज्यांचे वजन आधीच कमी आहे असे लोक, आणि अन्नाशी संबंधित मानसिक आजार पूर्वी झालेला किंवा सध्या असलेला कोणीही, यांनी हा मार्ग घेऊ नये. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात स्वतःच्या मनाने उपवास करणे धोक्याचे आहे. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या चालू असतील, तर जेवणाची वेळ पुढे ढकलल्याने रक्तातील साखर अचानक उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील औषधे घेणाऱ्यांना दीर्घ उपवासात कीटोअ‍ॅसिडोसिस हा रक्त आम्लधर्मी होण्याचा गंभीर त्रास, साखर फारशी वाढलेली नसतानाही, होण्याचा धोका असतो. अशा व्यक्तींनी डॉक्टरांना नुसते ‘मी डाएट करतो’ असे न सांगता, ‘मी रात्री अमुक वाजल्यापासून सकाळी अमुक वाजेपर्यंत काही खाणार नाही, तर माझी कोणती गोळी कधी आणि किती घ्यावी?’ असा नेमका प्रश्न विचारावा.

रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांबाबतही हाच सल्ला लागू होतो. मूत्रपिंडाचे आजार, पित्ताशयातील खडे, युरिक अ‍ॅसिडचा त्रास आणि वयाची सत्तरी ओलांडलेली असणे, या सर्व बाबतींत आधी डॉक्टरांशी बोलावे. सांधेदुखीसाठी आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके घेणाऱ्यांनी ती रिकाम्या पोटी घेऊ नयेत.

मुळात आपले वजन जास्त आहे का, हेही पाहायला हवे. भारतीयांमध्ये कमी वजनावरच मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढत असल्यामुळे आपल्याकडे बीएमआय (किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २३ च्या पुढे गेला की जास्त वजन आणि २५ किंवा त्याहून अधिक झाला की स्थूलता मानली जाते. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी या मर्यादा साधारण ५९ आणि ६४ किलो होतात. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असणे हाही इशारा आहे, आणि पोट सुटलेल्या पण वजन ‘ठीक’ असलेल्या माणसाला तो काट्यापेक्षा जास्त खरे सांगतो. शक्य असल्यास उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी), लिपिड (रक्तातील चरबी) आणि हिमोग्लोबिन या तपासण्या करून ठेवाव्यात.

पहिली पायरी : आठवडाभर नुसती नोंद

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नये. दिवसातला पहिला घास किंवा घोट किती वाजता घेतला आणि शेवटचा किती वाजता, एवढेच रोज वहीत लिहावे. चहासोबतचे बिस्किट, स्वयंपाक करताना तोंडात टाकलेले शेंगदाणे, मुलाच्या ताटात उरलेला भात आणि जेवणानंतरची बडीशेप-साखर, हे सर्व खाण्यातच धरावे. सकाळी साडेसहाला चहा-बिस्किट, नऊला पोहे, एकला डबा, साडेचारला चहा-फरसाण, रात्री दहाला जेवण आणि साडेदहाला एखादे फळ किंवा गोड, असा दिवस शहरांत अगदी सर्रास आढळतो. वहीत तो उतरवला की लक्षात येते की आपण १६ तास खात असतो आणि उपवास केवळ ८ तासांचा, तोही झोपेमुळे, घडत असतो. पुढे काय बदलायचे याचे उत्तर या नोंदीतच मिळते आणि ते प्रत्येकाचे वेगळे असते.

दुसरी पायरी : रात्रीचे जेवण अलीकडे आणून १२ तास साधणे

संध्याकाळी व रात्री शरीराचा इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद सकाळच्या मानाने मंदावलेला असतो, त्यामुळे तेच जेवण रात्री घेतले तर रक्तातील साखर जास्त चढते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या पुरुषांनी पाच आठवडे दुपारी तीनच्या आत दिवसाचे सर्व खाणे संपवले, तेव्हा वजन न घटताही त्यांचा इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद आणि रक्तदाब सुधारला. दुपारी तीनला शेवटचे जेवण नोकरदाराला परवडणारे नाही, परंतु दिशा स्पष्ट आहे: नाश्ता पुढे ढकलण्याआधी रात्रीचे जेवण मागे आणावे. जैन कुटुंबांत सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो, तेव्हा ही गोष्ट संसारात अशक्य आहे असे म्हणता येणार नाही.

व्यवहारात मात्र अडचणी आहेत आणि त्यांवर घरातच बसून बोलावे लागते. मुंबईत लोकलने साडेआठला घरी पोहोचणारा माणूस सातला जेवू शकत नाही. त्याने संध्याकाळी सहाच्या सुमारास कामाच्या ठिकाणीच डब्याचा दुसरा कप्पा, म्हणजे पोळी-भाजी किंवा उसळ, खाऊन घ्यावी आणि घरी आल्यावर नऊच्या आत एक वाटी वरण किंवा ताक व कोशिंबीर एवढ्यावर थांबावे. घरातली बाई सर्वांना वाढून शेवटी, अनेकदा साडेदहाला, उरलेले जेवते; तिने वेळ पाळायची तर बाकीच्यांनी आपले ताट स्वतः वाढून घेणे आणि स्वयंपाकघर आवरण्यात हात लावणे गरजेचे आहे. हा बदल तिच्या एकटीच्या निश्चयावर सोडला तर तो आठवडाभरही टिकत नाही. रात्रीपाळी करणाऱ्या परिचारिका, पोलीस किंवा आयटीतील कर्मचाऱ्यांनी घड्याळातील आकडे न पाहता आपल्या मुख्य झोपेच्या आधी दोन-तीन तास खाणे थांबवावे आणि पाळीच्या मध्यरात्री भरपेट जेवण्याऐवजी हलके काही घ्यावे.

दोन आठवडे रात्री ८ ते सकाळी ८ असे बारा तास रोज पाळता आले, की ही पायरी पक्की झाली असे समजावे. मधल्या काळात एखाद्या दिवशी लग्नाचे जेवण रात्री दहाला झाले तर दुसऱ्या दिवशी उपाशी राहून भरपाई करू नये. पुढच्या जेवणापासून नेहमीचे वेळापत्रक धरावे.

सकाळचा चहा

मराठी घरात या संपूर्ण प्रयत्नाची खरी परीक्षा सकाळच्या चहापाशी होते. शंभर मिलिलिटर म्हशीचे दूध आणि दोन चमचे साखर घातलेल्या कपात साधारण १४० कॅलरी असतात, आणि असे चार कप दिवसभरात झाले तर ते एका जेवणाइतके भरतात. कडक नियम असा की उपवासाच्या तासांत दूध-साखर चालत नाही. ज्यांना कोरा चहा जमतो त्यांनी तोच घ्यावा. ज्यांना जमत नाही त्यांनी आधी साखर दर आठवड्याला अर्ध्या चमच्याने कमी करावी, मग दूध घटवावे, किंवा सरळ पहिला चहा खाण्याच्या वेळेत सरकवावा. माझ्या मते चमचाभर दूध घातलेल्या, बिनसाखरेच्या अर्ध्या कपाने वजनाच्या दृष्टीने काही बिघडत नाही, आणि त्या अर्ध्या कपामुळे माणूस सहा महिने टिकून राहणार असेल तर तो जरूर घ्यावा. चहा एकदम तोडल्यास पहिले काही दिवस कॅफीनअभावी डोके दुखते. त्याला उपवासाचा त्रास समजून अनेक जण तिथेच प्रयत्न सोडतात. लिंबूपाणी बिनसाखरेचे चालते. मध घातलेले कोमट पाणी, नारळपाणी आणि फळांचा रस हे खाण्यातच मोडतात.

तिसरी पायरी : १४ तास, आणि १६ ची गरज

बारा तास अंगवळणी पडल्यावर पहिला घास दर चार-पाच दिवसांनी अर्ध्या तासाने पुढे न्यावा, म्हणजे पंधरा-वीस दिवसांत सकाळी १० ते रात्री ८, किंवा अधिक चांगले म्हणजे सकाळी ९ ते संध्याकाळी ७, असा दहा तासांचा काळ मिळतो. यात नाश्ता, जेवण आणि रात्रीचे जेवण हे तिन्ही बसतात, डबा सुटत नाही आणि घरच्यांसोबत बसणेही होते. बहुसंख्य लोकांनी इथेच स्थिरावावे असे मला मनापासून वाटते. दोन-तीन महिन्यांनंतर ताट सुधारूनही वजन हलत नसेल आणि कोणताही त्रास नसेल, तरच आठवड्यातून तीन-चार दिवस सकाळी १० ते संध्याकाळी ६ असा आठ तासांचा प्रयोग करावा. सकाळी काहीच न खाता दुपारी १२ पासून रात्री ८ पर्यंत खाण्याचा प्रकार तरुणांत लोकप्रिय आहे, पण त्यात रात्रीचे जेवण भरपेट होण्याची शक्यता अधिक असते. चोवीस तासांचे किंवा त्याहून दीर्घ उपवास या लेखाच्या वाचकाने करू नयेत.

ताटात काय असावे

खाण्याचे तास कमी झाले की पहिल्यांदा मागे पडतात ती प्रथिने, कारण आपले जेवण मुळातच भात-पोळीकडे झुकलेले असते. वर सांगितलेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या अभ्यासात ज्यांची प्रत्यक्ष शरीरतपासणी झाली, त्यांच्या घटलेल्या वजनात चरबीपेक्षा स्नायूंसह इतर भागाचा वाटा मोठा निघाला. हे नुकसान टाळायलाच हवे, कारण स्नायू घटले की ताकद जाते आणि पुढे वजन लवकर परत येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढांसाठी दर किलो वजनामागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. वजन उतरवताना ते १ ग्रॅमच्या आसपास ठेवणे हितावह आहे, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच.

साठ किलोच्या शाकाहारी व्यक्तीला हे साधते का, याचा हिशेब करून पाहू. चाळीस ग्रॅम मटकीच्या उसळीतून सुमारे ९ ग्रॅम, तीस ग्रॅम तुरीच्या डाळीच्या वरणातून ७, दोन वाट्या म्हणजे दोनशे ग्रॅम दह्यातून ६ ते ७, पाऊणशे ग्रॅम पनीरमधून १३, ज्वारीच्या तीन मध्यम भाकऱ्यांतून १२, मूठभर फुटाण्यांतून ६ आणि वीस ग्रॅम शेंगदाण्यांतून ५, अशी बेरीज साठच्या घरात जाते. हे सर्व तीन बैठकांत वाटून घ्यावे. अंडी खाणाऱ्यांना प्रत्येक अंड्यामागे सुमारे ६ ग्रॅम मिळतात. कोकणात आणि गोव्यात बांगडा, तारली यांसारखे स्वस्त मासे हा उत्तम आधार आहे, फक्त ते रव्यात घोळवून तळण्याऐवजी तिखल्यात किंवा तव्यावर कमी तेलात करावेत.

उपवास सोडताना भुकेच्या भरात जे समोर येईल ते खाल्ले जाते, म्हणून पहिले खाणे आदल्या दिवशीच ठरवून ठेवावे. आधी काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, मग उसळ किंवा अंडी आणि शेवटी भाकरी किंवा पोहे, असा क्रम ठेवल्यास साखर कमी चढते आणि पोटही लवकर भरते. पोहे-उपमा करायचे तर त्यात मटार, मोड आलेले मूग, शेंगदाणे भरपूर घालावेत. घरातील तेलाचा डबा महिन्याला किती लागतो हेही पाहावे. एक मोठा चमचा तेल म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी, आणि फोडणी अंदाजाने घातली की त्या कुठे गेल्या ते कळत नाही.

धार्मिक उपवास आणि हा उपवास

‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याकडे उगाच रूढ झालेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. शंभर ग्रॅममध्ये सुमारे ३५० कॅलरी आणि प्रथिने एक ग्रॅमहून कमी. पाऊणशे ग्रॅम साबुदाणा, पंचवीस ग्रॅम दाण्याचे कूट आणि मोठा चमचाभर तूप घातलेली खिचडीची बशी सहज पाचशे कॅलरींच्या पुढे जाते, आणि तिच्या जोडीला बटाट्याचा कीस व केळे आले तर तो दिवस इतर दिवसांहून जड ठरतो. व्रत मोडावे असे मी मुळीच म्हणणार नाही. संकष्टीला किंवा एकादशीला आपल्या ठरलेल्या तासांतच फराळ करावा, साबुदाण्याऐवजी राजगिरा किंवा भगर निवडावी, सोबत दही, ताक, दूध व मूठभर शेंगदाणे घ्यावेत आणि तळलेले टाळावे. संकष्टीला चंद्रोदय उशिरा असतो आणि जेवण रात्री दहाच्या पुढे जाते. त्या दिवशी वेळापत्रक बाजूला ठेवून हलके जेवावे. श्रावणात, नवरात्रात ज्या स्त्रिया लागोपाठ अनेक उपवास करतात त्यांनी त्या काळात तास वाढवण्याचा प्रयत्न करू नये, बारावरच राहावे.

व्यायाम

आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालणे आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस येथेही तशीच लागू आहे. सकाळी रिकाम्या पोटी अर्धा तास चालायला हरकत नाही. बैठका, भिंतीला टेकून किंवा जमिनीवर जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणे, सूर्यनमस्कार, यांपैकी जे जमेल ते खाण्याच्या वेळेच्या आसपास करावे, म्हणजे त्यानंतर तासाभरात प्रथिनयुक्त जेवण घेता येते. जिममध्ये जड वजने उचलणाऱ्यांनी सलग चौदा तासांच्या उपवासानंतर ती उचलण्याचा हट्ट धरू नये.

त्रास झाल्यास

सुरुवातीच्या दोन आठवड्यांत भूक लाटेसारखी येते आणि वीस-तीस मिनिटांत ओसरते. तेव्हा पाणी प्यावे आणि हातातले काम चालू ठेवावे. पित्ताचा त्रास असणाऱ्यांनी कोरी कॉफी रिकाम्या पोटी टाळावी, रात्री तिखट-तेलकट खाऊ नये, आणि तरीही जळजळ वाढली तर तास कमी करावेत. बद्धकोष्ठ झाल्यास बहुधा पाणी आणि भाज्या कमी पडलेल्या असतात. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बाहेर काम करणाऱ्यांनी पाण्याची आबाळ मुळीच होऊ देऊ नये.

घाम फुटणे, हातपाय थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, छातीत धडधडणे ही साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी उपवास ताबडतोब सोडावा, तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि ग्लुकोमीटर असल्यास मोजून पाहावे. ७० पेक्षा कमी आकडा आल्यास पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, तरीही तो वर आला नसेल तर पुन्हा तेवढीच साखर घ्यावी, आणि बरे वाटल्यावर जेवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. पाळी चुकणे किंवा अनियमित होणे, केस गळणे, सतत थंडी वाजणे ही खाणे फार कमी पडत असल्याची चिन्हे आहेत. दिवसभर डोक्यात खाण्याचेच विचार असणे, किंवा वेळ सुरू होताच ताबा सुटून खाणे आणि नंतर अपराधी वाटणे, असे घडू लागले तर हा मार्ग आपल्यासाठी नाही असे समजून तो थांबवावा आणि कोणाशी तरी मोकळेपणाने बोलावे.

मोजमाप, आणि पुढे

वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सकाळी शौचानंतर व काही खाण्यापूर्वी करावे, आणि कंबर दर पंधरा दिवसांनी मोजावी. पहिल्या आठवड्यातच दीड-दोन किलो उतरल्याचा आनंद अनेकांना होतो. त्यात मोठा भाग पाण्याचा असतो, कारण ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत शरीर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, म्हणून दिवसाला ५०० कॅलरी कमी घेतल्या तर आठवड्याला जेमतेम अर्धा किलो उतरणे हाच प्रामाणिक हिशेब आहे. सहा महिन्यांत मूळ वजनाच्या पाच ते सात टक्के उतरले तरी ते मोठे यश आहे. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात सात टक्के वजन घटवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटांच्या व्यायामाचे उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी आढळले होते.

काटा महिनाभर एकाच जागी राहिला तर तास वाढवण्याआधी पुन्हा एक आठवडा वही लिहावी. शनिवार-रविवारची जेवणे, चहाबरोबरचे फरसाण आणि दाण्यांची मूठ यांतच बहुधा कारण सापडते. ठरवलेले वजन गाठल्यावर १४ तासांवरून १२ वर यावे, रात्रीच्या जेवणाची अलीकडची वेळ आणि आठवड्याचे वजन मात्र तसेच चालू ठेवावे, आणि दोन किलो परत आले की पुन्हा १४ तासांवर जावे.